फोटोत नसलेली बाजू

मित्रांनो, जुना नमुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लांबच्या नात्यातले एखादे काका येतील. मीही नमुनाच आहे, पण लढाऊ विमानाचा. खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीस पट लहान, नाकापासून शेपटापर्यंत जेमतेम फूटभर. मला पाहून कोणालाही वाटेल, या बिचाऱ्यानं काय काय सोसलंय! रंग उडालेला, पोटावर काजळी, पायरीपाशी पत्रा उघडा पडलेला. प्रत्यक्षात मी आजवर हवेत गेलो तो कपाटावरून टेबलावर जाण्यापुरता, आणि तेही कोणीतरी दोन्ही हातांत धरून. तुम्ही म्हातारे व्हाल ते आपोआप व्हाल. मला म्हातारं करण्यात आलं. त्याला अडीच महिने लागले. ही त्या अडीच महिन्यांची आणि त्यानंतरची हकिगत आहे. ऐकताना भीती वाटली तर लाजू नका. मी प्लास्टिकचा असूनही भ्यालो होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबतात आणि मिनिटभरात एक विमान बाहेर पडतं, पण तुकड्यांत. माझे एकशे चौदा तुकडे होते, करड्या चौकटींना फळांसारखे लटकलेले. खोक्याच्या झाकणावर मात्र मी ढग फाडत निघालेला दाखवला होता. चित्रात आणि वस्तूत केवढा फरक असतो, हे मला जन्मतःच कळलं. पुष्कळांना त्यासाठी लग्न करावं लागतं.

तीन वर्षं मी एका दुकानाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलो. मग एका सकाळी सत्तरीच्या एक बाई आल्या. ताठ कणा, काखेत पर्स, बोलणं मोजूनमापून. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"आजी, हे बारा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे," दुकानदार म्हणाला.

"मग मी बसते त्यात," बाई म्हणाल्या.

तासाभरात मी पानाकाकांच्या टेबलावर होतो. पानाकाका म्हणजे लढाऊ विमानांचे निवृत्त मेकॅनिक. नोकरीत असताना त्यांच्या मागच्या खिशात कायम पाना खोचलेला असे, म्हणून सगळा हवाई तळ त्यांना पाना म्हणे. वय वाढलं तसं मागे काका लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर भिंग बसवलेला दिवा लावला आणि लहान विमानं जोडायला घेतली. समोरच्या भिंतीवर चौकटीत एक प्रशस्तिपत्र होतं: उत्कृष्ट देखभाल, पंचवीस वर्षांत एकही दोषनोंद नाही. आता दोषांची नोंद करणं हे पानाकाकांचंच काम होतं, तेव्हा पत्रात खोटं काहीच नव्हतं.

बाईंना दारात बघून ते एकदम उठून उभे राहिले.

"वहिनीसाहेब! तुम्ही?"

"ग्रंथालयात तुमची विमानं मांडलेली पाहिली, पानाभाऊ. पत्ता तिथूनच घेतला." बाईंनी खोकं टेबलावर ठेवलं. "हे यांचं विमान आहे ना?"

"हो. हेच."

"मला करून द्या."

त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा. विमानाची डावी बाजू, तिला टेकलेली शिडी, आणि शिडीवर एक पाय ठेवून हसणारा तरुण वैमानिक. बाईंचे यजमान. हा फोटो काढल्यावर दहा मिनिटांनी ते उडाले आणि परत आले नाहीत. विमान समुद्रात गेलं. ना विमान सापडलं, ना ते.

"फोटोत दिसतं तसंच पाहिजे," बाई म्हणाल्या. "धुतलेलं पुसलेलं नको. त्या दिवशी जसं होतं तसं."

पानाकाकांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांना आपण काकू म्हणू. काकू म्हणाल्या, "साहेबांचा फोटो तर तुम्ही मोठा करून लावला असेल ना घरी?"

"नाही. घरात यांचा एकही फोटो नाही." बाईंनी ग्लास हातात घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. "चौकशीच्या कागदात लिहिलंय, वैमानिकाचं लक्ष विचलित झालं. त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, जेवढं लक्ष विमानाकडे देता त्यातलं थोडं घराकडे द्या. बहुतेक त्याच दिवशी दिलं. एक्केचाळीस वर्षं मी यांच्यावर रागावलेली आहे, पानाभाऊ. आणि त्याहून जास्त स्वतःवर. विमानात मात्र काही दोष नव्हता, असं त्याच कागदात आहे. म्हटलं, निदान विमान तरी घरात असावं."

पानाकाकांनी फोटो उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. तरी ते बराच वेळ मागचीच बाजू बघत राहिले.

मग माझं काम सुरू झालं. त्यांनी मला चिमटा-कात्रीनं चौकटीतून सोडवलं, कडा घासल्या, सांधे पुट्टीनं भरले. नाकात वजनासाठी शिशाचे छर्रे चिकटवले, नाहीतर मी शेपटीवर बसतो. एरवी मी आतून पोकळ आहे. डोक्यात शिसं आणि बाकी हवा. पुढे पोचलेल्या पुष्कळांची रचना अशीच असते म्हणतात. माझ्या खुर्चीचे पट्टे टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबमधून कापले. घड्याळांचे काटे दातकोरण्याच्या टोकानं रंगवले. वैमानिकाच्या हातात असते ती नियंत्रणाची दांडी माझ्यात तांदळाएवढी आहे. ती त्यांनी खुर्चीसमोर सरळ उभी चिकटवली. वर पारदर्शक छत बसवलं आणि ते कायमचं बंद केलं. आत कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो.

रंग देऊन झाला तेव्हा मी नवाकोरा होतो. आणि मित्रांनो, तिथूनच मला जुनं करण्याचं काम सुरू झालं. जिथला पत्रा उघडा दाखवायचा, तिथे आधी चांदीचा रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर वरचा रंग, आणि मग ओल्या ब्रशनं घासलं की वरचे टवके उडतात. केसांचा स्प्रे मागायला पानाकाका स्वतः दुकानात गेले होते. त्यांच्या डोक्यावर गेली वीस वर्षं एकही केस नाही. दुकानदारानं काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो त्यांच्याशी जरा हळुवारपणे बोलतो.

"माझा दात घासायचा ब्रश कुठंय?" काकू दारातून म्हणाल्या.

"उद्या नवा आणतो."

"अहो, नवी वस्तू आणायची, महिनाभर रंगवायची, आणि मग स्वतःच्या हातानं घाण करायची! हे कुठलं शास्त्र?"

"घाण नाही ही. हा इतिहास आहे."

"मग बेसिनखाली पण बराच इतिहास साठलाय. तो आधी काढा."

पण या घाणीला खरोखरच एक शास्त्र आहे आणि पानाकाका त्यात फार कडक होते. डागाला कारण पाहिजे. उगाच छान दिसतो म्हणून एकही ठिपका द्यायचा नाही. तेल गळतं ते वाऱ्याच्या दिशेनं मागे वाहतं. रंग उडतो तो जिथे बूट पडतो तिथे. ते ब्रश उचलायचे, डोळे मिटून ते कारण आठवायचे, आणि मगच टेकवायचे.

भानगड अशी झाली की, डागाबरोबर त्याचं कारणही माझ्यात येऊ लागलं.

पायरीपाशी त्यांनी टवके उडवले आणि त्या दुपारी, खोलीत कोणी नसताना, माझ्या पायरीवर एक बूट पडला. दिसलं काही नाही. पण वजन पडलं, माझं डावं चाक किंचित दबलं आणि पुन्हा वर आलं. त्यांनी शेपटीपाशी काजळी चोळली आणि माझ्या मागच्या टोकात धग भरली. त्यावर बसलेली माशी तडकाफडकी उडाली. छताच्या कडेवर त्यांनी बोटांचे पुसट तेलकट ठसे उमटवले, फोटोतल्या वैमानिकाचा हात जिथे होता तिथेच. त्यानंतर ते ठसे सकाळी चार असत आणि दुपारी पाच. पाचवा अंगठ्याचा होता, आतल्या बाजूनं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. साच्यातून निघालेल्यानं तसं करणं शोभत नाही. पानाकाकाही ठेवत नव्हते. एका सकाळी माझ्या छताला आतून बाष्प धरलं तेव्हा ते भिंगातून बघत स्वतःशी म्हणाले, "गोंदाची वाफ असणार." गोंदाची वाफ काचेवर पांढरी बसते हे खरं आहे. पण ती बसली की बसते. ही येत होती आणि जात होती, येत होती आणि जात होती, मन लावून काम करणाऱ्याचा श्वास चालतो तशी.

डावी बाजू संपली. ती फोटोबरहुकूम होती, तिळाचाही फरक नव्हता. राहिली उजवी. ती फोटोत नव्हती. ती बाजू जगात आता एकाच ठिकाणी होती, पानाकाकांच्या डोक्यात.

त्यांनी मला उजवीकडे वळवलं, ब्रश उचलला, डोळे मिटले. मग ब्रश खाली ठेवला.

"ही बाजू साधीच ठेवू," ते म्हणाले. खोलीत मी सोडून कोणी नव्हतं. "फोटो नाही. उगाच अंदाजपंचे कशाला?"

मित्रांनो, अडीच महिन्यांत त्यांनी माझ्याशी केलेला हा एकच खोटेपणा.

दुसऱ्या दिवशी जेवून ते खोलीत आले तेव्हा माझ्या उजव्या पंखाखाली, चाकाच्या खाचेतून निघून पोटावरून मागे गेलेली एक लाल रेघ होती. केसाएवढी बारीक, बोटभर लांब. कोणी काढली नव्हती. आजवर आधी डाग पडला होता आणि मागून कारण आलं होतं. या वेळी कारण आधीपासून होतं आणि डाग मागून आला.

"तू इथे लाल काही सांडलंस का?" त्यांनी हाक मारून विचारलं.

"मी? मी त्या खोलीत पाऊल तरी टाकते का?" काकू आतून म्हणाल्या. "तिथं इतिहास आहे ना!"

पानाकाकांनी फडक्याला थिनर लावून रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, दोन बोटं लांब. त्यांनी वर रंगाचा हात दिला. ती रंगातून वर आली. "खालचा रंग कच्चा असेल," असं ते म्हणाले, पण तो आवाज काही जाणकाराचा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिशपेपर घेतला आणि रंग, अस्तर, सगळं घासत खाली प्लास्टिकपर्यंत गेले. माझा करडा सांगाडा उघडा पडला. ते बघत असतानाच त्यावर एक लाल थेंब फुटला, फुगला आणि हळूच मागे निघाला. समोरून वारा लागल्यासारखा. खोलीतला पंखा बंद होता.

त्यांनी तो बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. रंगाचा वास नव्हता. त्या तेलाचा होता. वैमानिक दांडीनं फिरवतो ती पंख-शेपटीवरची फळकुटं ज्या तेलाच्या दाबानं हलतात ते तेल लाल असतं, आणि ज्यानं आयुष्य त्यात घातलंय त्याला तो वास झोपेतही ओळखू येतो. पानाकाका खुर्चीवर बसायला गेले आणि खुर्ची चुकून जमिनीवर बसले.

मग त्यांनी फडकं घेतलं आणि तो थेंब पुसला. हात तसाच हलला, जसा एक्केचाळीस वर्षांपूर्वी हलला होता. आणि त्या हाताबरोबर सगळं कारण माझ्यात उतरलं. मोठी तपासणी होती. आठच्या आठ विमानं उडालीच पाहिजेत, असा वरून निरोप होता. दोष वहीत लिहिला असता तर विमान जमिनीवर राहिलं असतं आणि पाना नावाच्या उमद्या मेकॅनिकला बोलणी बसली असती. त्यानं तेलाच्या नळीचा सांधा अर्धा आटा आवळला, थेंब पुसला आणि वहीत लिहिलं: ठीक.

त्या दिवशी माझ्या छताच्या आत बघायची हिंमत त्यांना झाली नाही. बरंच झालं. त्यांनी सरळ उभी चिकटवलेली ती तांदळाएवढी दांडी आता सरळ नव्हती. ती मागे, पार खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटाशी ओढली गेली होती.

ठरलेल्या दिवशी दुपारी बाई आल्या. पानाकाकांनी मला फळीवर डावी बाजू पुढे करून ठेवलं होतं, उजवी भिंतीकडे. ही युक्ती त्यांनी सकाळपासून चार वेळा करून पाहिली होती. काकूंनी चहा टाकला. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि गणित शिकवणारा चेहरा काही क्षण तसा राहिला नाही.

"अगदी तेच," त्या म्हणाल्या. "पायरीवर पाय ठेवायची सवयसुद्धा उमटलीय."

"कारणाशिवाय मी एकही डाग देत नाही, वहिनीसाहेब. घेऊन जा. मी नीट बांधून देतो. तुम्ही बसा, चहा घ्या."

"जरा बघू तर द्या."

बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला पान उलटून मागचं बघायची सवय असते. त्यांनी मला उलटवलं.

रेघ ओली होती.

"हे काय आहे, पानाभाऊ?"

"ते होय? ते असतं तसं. डाग."

"तुम्हीच मघाशी म्हणालात ना, कारणाशिवाय डाग देत नाही म्हणून?"

"हो."

"मग या डागाचं कारण काय?"

काकू ट्रे घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"फोटोत ही बाजू नाही," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. वर्गातला सगळ्यात भीतिदायक आवाज तोच असतो. "मी पण पाहिली नव्हती. मी फाटकाबाहेर होते. मग ही तुम्ही कुठून आणलीत?"

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं तर मी काहीतरी विषय बदलला असता. पानाकाकांना तोंड होतं. मग त्यांनी सांगितलं. तपासणी, आठ विमानं, थेंब, अर्धा आटा, फडकं, वही. बसून सांगितलं नाही, उभ्यानं सांगितलं, नजर माझ्या चाकावर ठेवून.

"तेल संपलं की काय होतं?" बाईंनी विचारलं.

"दांडी जड होते. हळूहळू दगडासारखी. नाक वर येत नाही."

"लगेच?"

"नाही. दोन-चार मिनिटं तरी लागतात."

"तेवढ्या वेळात ते काय करत असतील?"

पानाकाकांच्या हातांनी आपोआप आकार घेतला. दोन्ही मुठी एकावर एक, पोटाशी. "ओढत असतील, वहिनीसाहेब. दोन्ही हातांनी. शेवटपर्यंत."

बाईंनी मला वर धरलं आणि छतातून आत पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक आहे, कारण त्यांची बोटं माझ्या पंखांवर घट्ट झाली.

"म्हणजे लक्ष विमानाकडेच होतं," त्या म्हणाल्या.

चहावर साय धरली.

"मी तो डाग काढून देतो," पानाकाका पुटपुटले.

"हात लावू नका."

त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलंही नाही. तसंच हातात घेऊन त्या निघाल्या. जाताना मला दिसलं, काकूंनी ट्रे खाली ठेवला, भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरवलं आणि कपाटाच्या मागे तोंड भिंतीकडे करून उभं केलं. नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे कित्येक आठवडे बोलल्या नाहीत, असं मी नंतर ऐकलं.

बाईंच्या घरी मला बैठकीच्या खोलीत कपाटावर जागा मिळाली, उजवी बाजू पुढे. आठ दिवसांनी माझ्या शेजारच्या भिंतीवर त्यांनी यजमानांचा फोटो लावला, मोठा करून, चौकटीत. रोज त्या मऊ ब्रशनं माझी धूळ झटकतात. पंख, शेपूट, छत. रेघेला मात्र ब्रश लावत नाहीत.

पानाकाकांनी हवाई दलाला सगळं लेखी कळवलं. सही, तारीख, दोन प्रती. कचेरीकडून तीन महिन्यांनी उत्तर आलं: सदर प्रकरणाची फाइल मुदतीनंतर नष्ट करण्यात आली असल्याने तीत दुरुस्ती करता येत नाही, तथापि आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभारी आहोत. बाईंनी ते पत्र वाचलं, लाल पेन घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली फुली मारली.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पानाकाका येऊ लागले. कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा ते दारात उभे राहिले. बाईंनी त्यांना आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तेच. पहिल्यापासून."

त्यांनी पुन्हा सांगितलं. संपल्यावर बाई उठल्या, माझ्या रेघेला एक बोट लावलं, बोट उजेडात धरलं आणि त्यांना दाखवलं. बोट लाल होतं.

"अजून काहीतरी राहिलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात या."

दुसऱ्या वेळी त्यांना आठवलं की थेंब जुना नव्हता, वाहता होता. बोट लाल. तिसऱ्या वेळी आठवलं की सांधा बदलायला नवा सुटा भाग कोठीत होता, चाळीस पावलांवर. बोट लाल. चौथ्या वेळी ते म्हणाले की आता काही म्हणजे काहीच राहिलेलं नाही, देवाशपथ. बाईंनी बोट लावलं. त्या दिवशी तर थेंब खाली कपाटावर पडला.

मी ते सगळं आतून ऐकत होतो आणि माझी काच बाष्प धरत होती, सोडत होती. घरात बाई एकट्याच राहतात. तरी पानाकाका बोलायला लागले की खोलीत तिघं ऐकत असल्यासारखं वाटे, आणि तिघांतला मी तिसरा नव्हतो.

पाचव्या वेळी पानाकाका आले ते पावसात चालून आल्यासारखे दिसत होते. बाहेर ऊन होतं. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली नाही.

"वहिनीसाहेब, साहेबांनी विचारलं होतं," ते म्हणाले.

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"शिडी चढताना. फोटो काढून झाला होता. एक पाय पायरीवर होता. मी खालून बाहेर आलो. फडकं माझ्या हातात होतं, मी ते पाठीमागे धरलं. साहेब हसले आणि म्हणाले, काय पाना, सगळं ठीक ना? त्यांना काही संशय नव्हता. ते रोजच विचारायचे."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, एकदम, साहेब."

पानाकाका रडले नाहीत. रडले असते तर बघणं सोपं गेलं असतं. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि परत आल्या. माझ्या पोटाखाली त्यांनी बोट लावलं, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं आणि उजेडात धरलं.

बोट कोरडं होतं.

त्यांनी ते दोनदा पाहिलं, गणिताचा ताळा करून पाहावा तसं. मग एक खुर्ची ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या.

त्याला आता पाच वर्षं झाली. रेघ माझ्या अंगावर तशीच आहे, पण आता ती नुसता रंग आहे. काच स्वच्छ आहे. पायरीवर कोणी पाय ठेवत नाही. मी खरोखरचा जुना होत चाललोय, सगळे होतात तसा. कडांना पिवळा पडतोय.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात, आणि त्यात बहुतेक वेळा नुसतं पुसणं असतं. पुसण्यात मोठी गंमत आहे. हात हलतो आणि काळजी घेतल्यासारखं वाटतं. मोटारीच्या ब्रेकमधून असो, गीझरच्या नळीतून असो, की घरातल्या छताच्या कोपऱ्यातून, एखादा थेंब दिसला तर त्याला फडकं लावण्याआधी कोणाला तरी हाक मारा. आणि तुमच्या भरवशावर कुठेतरी निघालेलं माणूस पायरीवर पाय ठेवून, हसत, सवयीनं विचारेल, सगळं ठीक ना? त्याला लगेच उत्तर देऊ नका. त्याला थांबवा. आधी खाली वाका आणि दुसऱ्या बाजूनं बघून या.